आठ हजार ऐंशीची पाळी

पाणीपातळीच्या आकड्यातला शेवटचा अंक कधी थांबत नाही. नदी शांत असली तरी तो एक-दोनने मागेपुढे होत राहतो. पडद्यावर कराडची पातळी २७.४३ फूट दिसत होती, आणि तो तीन सकाळपासून हललेला नव्हता. पद्माने चहाचा कप खाली ठेवला.

कारण तिला माहीत होतं. सांगलीच्या या पूर-माहिती कक्षात एकच मोठा संगणक होता आणि त्यावर दोन सर्व्हर होते. ॲप्लिकेशन सर्व्हर कराडच्या पुलावरच्या यंत्राकडून पातळी घेई. यंदा, नव्याण्णवच्या जूनमध्ये आलेला वेब सर्व्हर ती लोकांना दाखवी. दोघांनाही ८०८० हाच पोर्ट लागे. पोर्ट म्हणजे संगणकाचं दार. एकाने अडवलं की दुसरा सुरूच होत नाही. कराडच्या यंत्रात हा क्रमांक कारखान्यातूनच पक्का बसवलेला होता. वेब सर्व्हरचा बदलणं सोपं होतं, पण उद्घाटनाच्या फलकावर संकेतस्थळाचा पत्ता ८०८० सकट रंगवून झाला होता.

कक्षप्रमुख मानसिंगराव कुंडलच्या बागायतदार घरातले. सामाईक विहिरीवर भावकीचं भांडण मिटवावं तसं त्यांनी हे मिटवलं: दिवसा वेब सर्व्हरची पाळी, रात्री मोजणीची. बघणारे दिवसाच बघतात, हे त्यांचं म्हणणं.

"नदीला पाळी कळत नाही, सर," पद्मा तेव्हाच म्हणाली होती. उद्घाटन होऊ द्या, मग बघू, असं उत्तर मिळालं. उद्घाटन दोनदा पुढे गेलं होतं.

फोन वाजला. कराडच्या पुलावरचे चौकीदार भाऊसो होते.

"आवं बाई, पुलाच्या खांबावरची इशाऱ्याची खालची पट्टी पाण्यात गेली. तुमी तिकडं झोपलाय का काय?"

ती मानसिंगरावांच्या खोलीत गेली. तेही फोनवरच होते. नदीकाठच्या गल्लीतल्या बनुबाई रोज पातळी विचारत. त्यांच्या शब्दावर अख्खी गल्ली थांबे किंवा निघे. मानसिंगरावांनी आपल्या टेबलावरच्या पडद्यावरचे सत्तावीस फूट वाचून दाखवले, निवांत राहा म्हणाले. म्हैस काही निवांत नाही, सकाळपासून बसलेली नाही, असं पलीकडून आलं. म्हशीला आमच्या खात्यात घेऊ, म्हणून ते हसले.

पद्माने पडद्यावरच्या त्या तीनवर बोट ठेवलं.

"हा पहाटेचा आहे, सर. खालची पट्टी बुडाली. भाऊसोंचा फोन होता."

मानसिंगराव आकड्याकडे बघत राहिले. तो हलला नाही. भिंतीशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला फलक उभा होता. कराडचं पाणी सांगलीला पोचेपर्यंतचा वेळ, तेवढाच गल्लीच्या हातात असे. त्यातला किती उरला होता, हे आता कोणालाच सांगता आलं नसतं.

"सायेब, हाय न्हवं?" फोनमधून आवाज आला.

"बनुबाई, मगाचा आकडा शिळा हाय. म्हशी सोडा. गल्ली उठवा, आत्ताच."

मग रिसीव्हर कानाला तसाच ठेवून ते पद्माला म्हणाले, "वेब सर्व्हर बंद करा. ८०८० मोजणीला द्या, कायमचा."