डावी बाजू

डावा डोळा गेल्याचं कळलं ते विजयाच्या दुसऱ्या दिवशी. आदल्या दिवशी कोलोन शहरात एउसेबियोने आठव्या फेरीत बॉक्सिंगची झुंज जिंकली होती. घरी तो जेवायला बसला. त्याची बायको ओविदिया तळलेला मासा घेऊन त्याच्या डावीकडे उभी राहिली.

"घे ना, एउसेबियो! हात भाजतोय माझा."

तो दचकला. ती आलेली त्याला दिसलीच नव्हती. तिने मासा खाली ठेवला, त्याचा उजवा डोळा तळव्याने झाकला आणि दुसऱ्या हाताची बोटं त्याच्यासमोर धरली.

"किती?"

त्याने चाचपत तिचा हात पकडला आणि बोटं मोजली.

बॉक्सिंग मंडळाला कळलं असतं तर परवाना गेला असता. ओविदियाने दवाखान्यातल्या डोळे तपासायच्या तक्त्याची अक्षरं उतरवून आणली आणि चुलीशेजारी चिकटवली. तो ती घोकायचा. एकदा त्याने धडाधड म्हणून टाकली. डॉक्टर हसले, "अहो, मी अजून बोट कुठं ठेवलंय?" तरी सही मिळाली. पुढे तो सहा झुंजी लढला. राष्ट्रीय विजेतेपदाचा पट्टा त्यांतल्याच चौथ्या झुंजीतला. तो आता त्याच्या मुलीच्या, निमियाच्या भिंतीवर होता. डोळ्याचं तिला माहीत नव्हतं. रस्त्याने जाताना ओविदिया कायम नवऱ्याच्या डावीकडे. लोकांना वाटायचं, काय प्रेम आहे!

बऱ्याच वर्षांनी ओविदिया गेली. नऊ दिवसांच्या प्रार्थना संपल्या आणि निमिया म्हणाली, "पापा, सोमवारपासून यारिएलाला शाळेत तुम्ही सोडा. आई सोडायची. माझी बंदरातली पाळी सहालाच लागते."

"मी?"

"मग काय पट्ट्याला पाठवू? चॅम्पियन आजोबा बरोबर असल्यावर कुणाची हिंमत आहे?"

तो हो म्हणून बसला.

रविवारी त्याने तो रस्ता एकट्याने चालून पाहिला. मोठ्या रस्त्याला सिग्नल नव्हता आणि बस डावीकडून यायच्या. मान आता पुरती वळत नव्हती. एक ड्रायव्हर ओरडला, "ओ चॅम्पियन, मरायचंय का?" त्याने तीनदा रस्ता ओलांडला. तिन्ही वेळा शर्ट घामाने भिजला.

सोमवारी त्याने सहा वर्षांच्या नातीचा हात उजव्या हातात घट्ट धरला. ती हात सोडवून डावीकडे आली.

"इकडे ये, उजवीकडे."

"नाही. आजीने सांगितलंय, आजोबांच्या डावीकडे चालायचं आणि काय येतंय ते मोठ्याने सांगायचं. सायकल!"

तो थांबला. सायकल पुढून निघून गेली.

"का म्हणून सांगितलं?"

"खेळ आहे तो. आजी स्वतःचा डावा डोळा झाकायची आणि मी सांगायची. बस आली! थांबा, आजोबा... आता चला."

बसचा वारा त्याच्या गालाला लागला. बस त्याला दिसली नव्हती. दोघं पलीकडे पोचले, पोर उड्या मारत शाळेत गेली, आणि तो फाटकाचा गज धरून उभा राहिला. रिंगणात डावीकडचा ठोसा त्यालाच बसायचा. इथे त्या बाजूला नात होती. एखादी मैत्रीण दिसली, तिने हाक मारली, आणि पोरीचं लक्ष गेलं तर?

संध्याकाळी निमियाने विचारलं, "जमलं ना, पापा?"

"जमलं."

"मग उद्याही तुम्हीच."

यारिएला भात खाता खाता म्हणाली, "आजोबा छान खेळतात."

निमिया हसली. एउसेबियो भिंतीवरच्या पट्ट्याकडे बघत राहिला. डोळ्याचं सांगायचं अजून राहिलंच होतं, आणि सकाळी पावणेसातला पुन्हा तोच रस्ता ओलांडायचा होता.