काट्याचा भाव

जुन्या गाड्यांच्या बाजारात अण्णांना सगळे काटा म्हणत. वजनकाटा जसा समोर कोण उभं आहे ते बघत नाही, नुसता आकडा दाखवतो, तसे ते. एकदा भाव बोलले की बोलले. विकणारा रडो, घेणारा चिडो, शब्द फिरायचा नाही. बायको गेल्यावर तिची गाडी विकायला आलेल्या एका म्हाताऱ्याला ते भर बाजारात म्हणाले होते, "गाडी विकताय की आठवण? आठवणीला गिऱ्हाईक नाही." लोक हसले, म्हातारा खाली मान घालून निघून गेला, आणि अण्णांनी पुढची गाडी पुढे घ्यायला सांगितली.

देवाने माणसाला जीभ दिली ती कशासाठी, हा प्रश्न त्या वयात त्यांना पडला नव्हता.

आता डोळ्यांवर पडदा आला होता. उजेड, अंधार आणि माणसाची आकृती, एवढंच दिसायचं. तरी धंदा सुटला नव्हता, कारण लेकीने तो इंटरनेटवर नेला होता. लोक आपापल्या जुन्या गाड्यांचे फोटो आणि माहिती टाकत. दुपारच्या आधी लेक, जावई आणि अण्णा पुढच्या खोलीत बसत. लेक जाहिरात वाचायची, फोटोत काय दिसतं ते जावई सांगायचा, अण्णा प्रश्न विचारायचे आणि शेवटी भाव बोलायचे. तो भाव लेक फोनवर त्यांच्याच आवाजात उतरवून घ्यायची आणि जाहिरातीखाली लावून टाकायची. लोक गाडीचं इंजिन ऐकण्याआधी हा आवाज ऐकायचे. काटा बोलला ना? मग झालं.

घर लेकीचं. अण्णा आणि त्यांची बायको, माई, तिच्याकडे खालच्या खोलीत राहत. खिडकीबाहेर फरसबंदीचं अंगण आणि अंगणात अण्णांची स्वतःची जुनी गाडी. त्यांचे डोळे गेले तेव्हापासून ती तिथून हललेली नव्हती.

पण रिकामी नव्हती. माईंना काही आठवेनासं झालं होतं. लेकीचं नाव गेलं, चमचा कसा धरायचा ते गेलं. दुपार कलली की त्यांचा जीव घाबरा व्हायचा. पडदे ओढायच्या, दाराची कडी वाजवायच्या, "घरी चला, घरी चला" म्हणून रडायच्या. गोळ्यांनी थांबायच्या नाहीत. मग अण्णा त्यांचा हात धरून अंगणात न्यायचे, आपल्या शेजारच्या सीटवर बसवायचे आणि स्वतः स्टेअरिंगवर हात ठेवून बसायचे. पर्स मांडीवर घेतली की माई शांत. संध्याकाळ होईपर्यंत समोरच्या भिंतीकडे बघत बसायच्या, जणू काही शेतं मागे पडतायत. ती गाडी म्हणजे अण्णांचं औषधांचं कपाट होतं, दुसरं काही नाही.

लेकीला मात्र ते अंगण हवं होतं. विकायच्या गाड्या आणून तिथे धुवायच्या, फोटो काढायचे, असं तिच्या मनात.

"अण्णा, ते धूड काढू या आता."

"मी आहे तोवर गाडी हलणार नाही."

"आईला खुर्ची टाकून देऊ ना अंगणात."

"तू बस खुर्चीवर. ती गाडीतच बसेल."

लेक गप्प झाली. तिचं गप्प बसणं चांगलं नसतं हे जावयाला ठाऊक होतं. स्वयंपाकघरात ती भांडी पुसता पुसता म्हणाली, "त्यांच्याच तोंडून काढते. दुसऱ्या कोणाची गाडी म्हणून वाचून दाखवायची. ते म्हणतील भंगार. एकदा बोलले की फिरवता येणार नाही."

"अगं, बाप आहे तुझा."

"म्हणूनच तर मला माहिती आहे कुठे धरायचं ते."

दुसऱ्या दिवशी पहिली जाहिरात एका शिक्षकाची निघाली. लेक वाचू लागली, "घरगुती वापर, एकाच हातची, अतिशय जपून वापरलेली..."

"जपून वापरली असती तर जपून असं लिहिलं नसतं," अण्णा म्हणाले. "जावईबापू, फोटोत गाडी ओली आहे का?"

"आहे. पावसातली वाटते."

"आणि खालची जमीन?"

"जमीन... कोरडी आहे."

"बादली ओतलीय वरून. ओल्या पत्र्यावर ओरखडे दिसत नाहीत. सगळ्या फोटोंत ड्रायव्हरची काच खाली आहे?"

"हो की!"

"वर जात नाही ती. मीटर किती कमी दाखवतोय ते वाचू नकोस, ब्रेकच्या पेडलचं रबर बघ."

"गुळगुळीत झालंय."

"मग मास्तर पोरांना खरं बोला म्हणून शिकवतात आणि घरी येऊन मीटर मागे फिरवतात." तिघंही हसले. अण्णांनी इतका पडेल भाव सांगितला की जावयाने कपाळावर हात मारला. "मास्तर रडेल हो!"

"रडू दे. रडल्याने पत्रा सरळ होत नाही."

त्या हसण्यातच लेकीने दुसरी जाहिरात काढली. फोन हातात होता, पण त्यावर काहीच नव्हतं. खिडकीतून अंगणाकडे बघत ती वाचल्यासारखं बोलू लागली. साल सांगितलं, कंपनी सांगितली, रंग पांढरा म्हणाली. तेव्हा निम्म्या गाड्या पांढऱ्याच असायच्या. अण्णा आरामात मागे टेकले.

"बंद पडून आहे का?"

"काही वर्षं उभीच आहे म्हणे."

"उभी गाडी आणि आजारी माणूस, आतून सडत जातात. टायर?"

"बसलेत," जावई म्हणाला. त्याचा आवाज जरा पडला होता.

"डिकीचा पत्रा?"

"कडेने फुगलाय."

"गंज आहे आत. इंजिनाखाली डाग?"

"मोठा आहे. काळा."

"संपलं. बरं, मीटरचं सोड, सीट सांग. ड्रायव्हरची सीट किती बसलीय?"

"ती ठीक आहे," जावई म्हणाला. "शेजारची मात्र पार खचलीय."

अण्णा पुढे काही विचारणार होते, ते राहिलं. उभ्या बाजाराच्या गाड्या त्यांनी हातांनी चाचपल्या होत्या. ड्रायव्हरपेक्षा शेजारची सीट जास्त खचलेली गाडी या जगात एकच होती, आणि ती का खचली ते त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

लेकीला वाटलं, हिशेब करतायत. आणि करतच होते. खरं बोलावं, तर शब्द 'भंगार', आणि उद्या पत्रा कापणारा कटरवाला दारात. माझी आहे, देणार नाही म्हणावं, तर ही रोज नवा फास टाकणार. मग त्यांच्या मनात आलं, भाव इतका चढा सांगावा की या गाडीकडे कुत्रंसुद्धा फिरकणार नाही. आयुष्यात एकदाही खोटा न पडलेला काटा त्यांनी माईंसाठी हाताने दाबला.

"छान गाडी आहे," ते म्हणाले.

जावयाने लेकीकडे बघितलं.

"असं इंजिन आता बनत नाही. उभी राहून खराब होणाऱ्यातलं नाही ते. पत्रा जाड. डोळे मिटून घ्यावी." आणि त्यांनी भाव सांगितला. नव्याकोऱ्या गाडीच्या निम्मा.

लेकीचा चेहरा उतरला, मग हळूहळू पालटला. बापाची बुद्धी तिच्यात होतीच, आणि ती बापापेक्षा तरुण होती. तिच्या हातातला फोन सगळं उतरवून घेत होता.

"अण्णा, ही आपलीच गाडी."

"हो का?" अण्णा आश्चर्याने म्हणाले. नाटक बरं वठलं.

"भाव फिरवणार नाही ना?"

"काटा फिरत नाही. एवढे पैसे देणारा आणलास तर खुशाल ने. त्याहून एक पैसा कमी चालणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

त्या दुपारी ते गाडीत माईंच्या शेजारी बसून स्वतःशीच हसत होते. लेकीला कसं चीत केलं! आता मरेपर्यंत अंगण आपलं. एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली नाही. आयुष्यभर त्यांनी एकाही गाडीला छान म्हटलं नव्हतं. ज्याच्या तोंडून कधी चांगला शब्द निघाला नाही, त्याचा पहिला चांगला शब्द लोक काय मोलाने घेतील, हा भाव काट्याला काढता आला नाही.

लेकीने गाडीचे फोटो टाकले, खाली तो आवाज लावला, आणि संध्याकाळपासून तिचा फोन थांबेना. काट्याने छान म्हटलेली ती गाडी कुठे आहे? आज येऊ का? अजून कोणी विचारलंय का?

सगळ्यांच्या आधी पैसे घेऊन आला तो एक कुलूपवाला. बंद पडलेली कुलपं उघडून द्यायची, किल्ल्या बनवायच्या, गावभर हिंडायचं. बरोबर त्याची बायको होती, दिवस भरत आलेले. मोटारसायकलवर तिला आता बसवत नव्हतं, म्हणून साठवलेलं सगळं काढून आणलं होतं. लेकीने त्या दोघांना फाटकातच गाठलं. "एक सांगून ठेवते हं. अण्णांचा फार जीव आहे गाडीवर. ऐनवेळी म्हणतील, गाडी खराब आहे, घेऊ नका. म्हातारं माणूस, मनाला लावून घेऊ नका."

"छे छे, कळतं ना," कुलूपवाला म्हणाला.

पैसे दिले गेले, अण्णांच्या वतीने लेकीने सह्या केल्या, कुलूपवाल्याने टायरांत हवा भरून नवी बॅटरी बसवली. अण्णांना आवाजावरून अंदाज आला तसे ते काठी टेकत अंगणात आले. माई गाडीत बसल्या होत्या, पर्स मांडीवर.

"कोण आहे? घेणारा कोण?"

"मी, काका. तुमचा आवाज ऐकला आणि ठरवलंच."

"ऐक. घेऊ नकोस. इंजिन तेल पितं. डिकी आतून खाल्लीय गंजाने. ब्रेकचा भरवसा नाही. तुझ्या घरचीला यात बसवू नकोस. मी खोटं बोललो."

कुलूपवाला मायेने हसला. "ताई म्हणाल्याच होत्या, तुम्ही असं म्हणाल."

"अरे, खरं सांगतोय!"

"माझे वडीलही सायकल विकताना असंच करायचे. ज्या गाडीसाठी तुमच्यासारखा माणूस खोटं बोलतो, ती वाईट कशी असेल?"

"मी काटा आहे, काटा!"

"म्हणून तर घेतली, काका."

अण्णा लेकीच्या आकृतीकडे वळले. "परत दे त्याचे पैसे. मी भाव फिरवतो."

"काटा फिरत नाही, अण्णा," लेक म्हणाली. आवाज चढवला नाही, राग नाही, काही नाही. मग थोडं हसून, "आणि आठवणीला गिऱ्हाईक नाही म्हणायचात ना? बघा, मिळालं."

जावई फाटक उघडायला गेला. तेवढंच त्याला जमण्यासारखं होतं.

आता राहिल्या माई. कुलूपवाल्याने अदबीने दार उघडलं. "काकू, उतरता ना?" माईंनी पर्स घट्ट धरली. लेकीने दंड धरून ओढलं, तशी त्यांनी किंकाळी फोडली, एका हाताने सीट आणि एका हाताने दार पकडलं. लेक पुन्हा ओढू लागली. "सोड आई! विकली गाडी, विकली!" कुलूपवाल्याची बायको तोंड फिरवून उभी राहिली. खचलेल्या सीटमधून ते हलकंसं शरीर काही निघेना.

"अण्णा, तुम्ही सांगा तिला. तुमचंच ऐकते."

यातच काय ती देवाची दया, आणि यातच काय ती शिक्षा. ऐकायच्या त्या त्यांचंच.

अण्णा दाराशी गेले. वाकले. माईंच्या मुठीवर हात ठेवला.

"अगं, पुढे रस्ता बंद आहे."

"बंद?" माईंची किंकाळी थांबली.

"पूल खचलाय म्हणतात. गाडी जात नाही. इथून पायी जायचं."

"लांब आहे का हो?"

"नाही. मी आहे ना."

माईंनी एकेक बोट सोडवलं, पर्स काखेत मारली आणि उतरल्या. लेक म्हणाली, "चल आई, आत चल." पण माई आत कशाला जातील? घर तर पुढे होतं. त्यांनी नवऱ्याचा हात धरला आणि फाटकाबाहेर चालू लागल्या. ते आंधळे, त्या विसरलेल्या. माईंना रस्ता दिसत होता, कुठला ते कळत नव्हतं. अण्णांना कळत होतं, पण दिसत नव्हतं. मागून लेक हाका मारत होती. माईंना ती हाक आपल्यासाठी वाटली नाही.

कोपऱ्यापाशी मागून इंजिनाची धाप ऐकू आली. अण्णांनी माईंना कडेला ओढलं. गाडी खोकत, धूर सोडत शेजारून गेली. कुलूपवाल्याने आदराने हॉर्न वाजवला, त्याच्या बायकोने काचेतून हात हलवला. माईंनीही हसून हात हलवला, आणि मग नाकाला पदर लावला.

"शी, केवढा धूर! कोणाचं हो हे खटारं?"

"कोणाचं तरी."

"आणि त्यात पोटुशी बाई बसवलीय. घेऊ नका असली गाडी, असं कोणी सांगितलं नाही का त्यांना?"

"सांगितलं गं," अण्णा म्हणाले. "ऐकत नाहीत."

"मरू दे मग," माई म्हणाल्या, आणि हात ओढत त्यांना पुढे घेऊन निघाल्या.