दहाची भाकरी

डॉक्टर तरुण होता. त्याने पेनचं टोपण काढलं, समोरच्या कागदावर साळूबाईचं नाव पुन्हा एकदा वाचलं आणि विचारलं,

"सकाळी नाष्टा केला होता का यांनी?"

"न्हाई," जोतीराम म्हणाला.

"काहीच खाल्लं नव्हतं?"

"च्या घेतला हुता. साडेसातला."

"आणि शुगरची गोळी?"

"ती घेतली हुती. ती कवा चुकवत न्हाई."

डॉक्टरने लिहून घेतलं. जोतीराम हातात बायकोच्या चपला घेऊन उभा होता. बेदाण्याच्या शेडमधल्या बायकांनी तिला रिक्षात घातलं तेव्हा चपला तिथेच राहिल्या होत्या, कुणीतरी नंतर आणून दिल्या. एवढं खोदून विचारतायत म्हणजे पुढचं औषध ठरवायचं असणार, असं त्याला वाटत होतं.

"मग आता बरी व्हईल न्हवं?"

डॉक्टरने पेन बंद केलं. "काका, तुमच्याबरोबर कोण आलंय?"

मुलगा इंद्रजित अजून कारखान्यातून यायचा होता. जोतीराम एकटाच होता. डॉक्टरला मग त्यालाच सांगावं लागलं.

त्या दुपारी जोतीराम जे बोलला ते कागदावर गेलं, आणि कागदावरून सगळीकडे गेलं. शुगरची गोळी घेऊन बाई उपाशीपोटी कामावर आली, चक्कर येऊन पडली, डोकं लोखंडी टेबलाच्या पायावर आपटलं. कुपवाडच्या ज्या शेडमध्ये साळूबाई नऊ वर्षं बेदाणा निवडत होती, तिथल्या साहेबाने तेच सांगितलं. इंद्रजितच्या मित्रांनी तेच सांगितलं. म्हसवडच्या अलीकडच्या त्यांच्या गावात दहाव्याला भावकी जमली, तिथेही म्हातारी माणसं एकमेकांना तेच सांगत होती.

सून प्रांजल तर येईल त्याच्याजवळ रडत होती. "मी रोज म्हणायचे आत्यांना, नाष्टा करून जात जा. थांबायच्याच नाहीत."

हे खोटं नव्हतं. प्रांजल वाईची. वडील शाळेत कारकून. तिच्या माहेरी सकाळी आठला नाष्टा, दुपारी दीडला जेवण, रात्री नऊला पुन्हा जेवण. लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पोहे केले होते. साळूबाईने बशीकडे बघितलं आणि विचारलं, "आज कुणाला बघायला पाव्हणं यायचं हायती?" सगळे हसले होते, प्रांजलसुद्धा. पण तिने आठचा नाष्टा सोडला नाही आणि साळूबाईने तो धरला नाही.

जोतीराम आणि साळूबाई दोघंही मेंढरं वळणाऱ्या घरातली. त्यांच्याकडे दिवस उगवताना कुणी खात नसे. मेंढरं सोडायची, चहाचा घोट घ्यायचा आणि ऊन चांगलं वर आलं, दहाचा सुमार झाला की बाईने रानात भाकरी न्यायची. ती न्याहारी. ती पोटभर असायची, कारण पुढचं खाणं कधी मिळेल याचा नेम नसायचा. मेंढरं विकून दोघं कुपवाडला आली त्याला बावीस वर्षं झाली. जोतीरामने गोदामांत हमाली केली, गुडघे गेल्यावर तो घरी बसला. एवढं सगळं बदललं तरी पोटाची वेळ तीच राहिली. साळूबाई सकाळी उठून बाजरीच्या दोन भाकरी डब्यात घालायची. एक दहाची, एक दुपारची.

डॉक्टरने नाष्ट्याचं विचारलं होतं. त्याचं उत्तर जोतीरामने खरं दिलं होतं.

महिना झाला. एका रविवारी, शेडला सुट्टी म्हणून, हरणाबाई आली. ती आणि साळूबाई बेदाणा निवडायच्या एकाच पट्ट्यावर समोरासमोर बसायच्या. प्रांजल बाजाराला गेली होती. हरणाबाई दारातच बसली, पदराने मान पुसली, आणि इकडचं तिकडचं न बोलता म्हणाली,

"दाजी, गेटावर पाटी लावलीया. वाचून दावली आमाला. 'नाष्टा करूनच कामावर यावे.' रोज आत जाताना सायब साळूआक्काचं नाव घिऊन सांगतोय, बगा, उपाशी आलं की काय हुतं."

"बराबरच हाय की," जोतीराम म्हणाला.

"काय बराबर हाय? उपाशी कोण आलं? आमी काय आज नव्यानं येतोय व्हय? नऊ वरीस दहाला न्याहारी करीत हुतो तवा न्हाई कोण पडलं."

जोतीरामने तिच्याकडे बघितलं.

"दहाची न्याहारी बंद केली की," हरणाबाई म्हणाली. "तुमास्नी बोलली न्हाई ती? ती जायच्या आदी पंधरा दिस. हॉलमदी खायचं न्हाई, उठायचं न्हाई. नाष्टा घरनं करून या आन मग एकला जेवा. एक मनुका तोंडात टाकली तर क्यामेऱ्यात दिसती म्हणं. बाई घामानं भिजली, हात कापाय लागलं, ते मातूर न्हाई दिसलं." ती थांबली. "मी म्हनलं तिला, पदराआड एक तुकडा मोड. म्हणली, नगं, पोराएवढ्या सायबाचं बोलून घ्यायचं ह्या वयात."

"मग ती भाकरी..."

"डब्यात तशीच. एकला एक खायची, एक माघारी न्यायची. दोन-दोन कुणाला जात्यात बसल्या बैठकीला? घरी दिसली आसंल की तुमास्नी."

"दिसत हुती," जोतीराम म्हणाला.

हरणाबाईला तेवढंच हवं होतं. "मग जावा आन सांगा. आमचं कोण ऐकत न्हाई. तुमचं माणूस गेलंय, तुमचं ऐकावंच लागंल. मनुबाईलाबी साखर हाय, दाजी. तीबी साडेसातला गोळी घिऊन येती. आजून उभी हाय, पर तोंड कसं पांढरं पडतंय ते मी बगतीया रोज."

सोमवारी जोतीराम शेडवर गेला. बायका ज्याला सायब म्हणायच्या तो सुपरवायझर शिवतेज वाळव्याकडचा, ऊसवाल्या घरातला, तिशीचा मुलगा. त्याने जोतीरामला खुर्ची दिली, पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं. नाही म्हणाला नाही.

"काका, न्याहारी काय असती ती मला सांगू नका. आमच्या आजोबांची अजून रानात जाती. पण हितल्या वेळापत्रकात ब्रेकफास्ट घरी आणि लंच एक वाजता. मधी काय न्हाईच. मालकाला दहाला भाकरी म्हनलं की वाटतं, बायका काम टाळायला बसत्यात."

"मग तुमी सांगा त्यास्नी."

"मी सांगितलं तर नोकरी करू नको म्हणतील." त्याने टेबलावरची फाईल सरळ केली. "आणि कागद काय म्हणतोय? घरूनच उपाशी आल्या. कुणी सांगितलं डॉक्टरला? तुमीच. आता तुमीच लिहून द्या. दहाला खायच्या, ते बंद झालं, तवापासून भाकरी परत यायची. सही करा. शनिवारी मालक येत्यात, मी त्यांच्या हातात देतो. एवढं मी करतो, काका. दहाची सुट्टी परत द्यायला त्यांना काय तरी कारण लागंल."

जोतीरामला सही येत होती, लिहिता येत नव्हतं. इंद्रजित दोन पाळ्या करत होता. गुरुवारी दुपारी जेवणं झाल्यावर जोतीरामने प्रांजलला वही आणायला सांगितलं.

ती मांडी घालून बसली. वरती तारीख घातली, 'विनंती अर्ज' लिहिलं, खाली रेघ मारली. तो सांगत गेला, ती लिहीत गेली. आपलं नाव, बायकोचं नाव, नऊ वर्षं. मग तो म्हणाला,

"लिव्ह. माझी बायकू रोज दहाला न्याहारी करीत हुती."

प्रांजलने पेन उचललं. "नाष्टा लिहू का, मामा? साहेबलोकांना समजेल."

"नगं. नाष्टा म्हंजी ते घरनं करून या म्हणत्यात. न्याहारीच लिव्ह. जेवण आसतं म्हणावं ते."

तिने लिहिलं. दहाची न्याहारी कोणत्या तारखेपासून बंद झाली तेही लिहिलं. लिहिता लिहिता तिचा हात सावकाश झाला. वर न बघता ती म्हणाली, "म्हणजे आत्या उपाशी जात नव्हत्या. मी सगळ्यांना सांगत सुटले."

"तुला काय म्हाईत."

"विचारायला पाहिजे होतं ना मी. पाच वर्षं एका घरात आहोत." तिने नाक पुसलं. "सांगा पुढं."

"तवापास्नं एक भाकरी रोज माघारी यायची."

हेही तिने लिहिलं. मग थांबली.

"मामा, एक विचारू? डबा रोज मीच घासत होते. मला कधी भाकरी दिसली नाही त्यात. रिकामाच असायचा. उद्या मालकाने इथं येऊन मला विचारलं तर मी काय सांगू?"

जोतीरामने वहीवरची नजर काढून दाराबाहेर गल्लीकडे लावली.

"कुत्र्याला घालायच्या का आत्या?"

किती सोपं होतं. गल्लीत कुत्री होती. व्हय म्हणायचं, तिने लिहिलं असतं, खाली सही झाली असती.

साळूबाई सहाला यायची. तो पायरीवर बसलेला असायचा. दुपारच्या चपाती-भाताने त्याचं पोट कधी भरायचं नाही, पण सुनेला तसं म्हणणं बरं दिसत नव्हतं. त्या पंधरवड्यातल्या पहिल्या सोमवारी साळूबाई त्याच्या शेजारी टेकली, डबा उघडला आणि भाकरी त्याच्या हातात दिली. "घ्या. आज भूक न्हवती." शिळी भाकरी, तिच्या हाताची. त्याने ती मिरचीच्या खरड्याबरोबर खाल्ली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी तो तिची वाटच बघत होता. तिचा चेहरा उतरलेला असायचा, ती भिंतीला डोकं टेकून बसायची, आणि तो खात असायचा. एकदा, गुरुवार असेल, हात झटकत तो गमतीने म्हणाला होता, "न्हाई तुला भूक लागत ते बरंच हाय गं. माझी सोय झाली. उद्याबी आण."

ती हसली होती. दुसऱ्या दिवशी आणली होती. शेवटच्या दिवसापर्यंत आणली.

"मामा?" प्रांजल म्हणाली. पेन कागदावर टेकलेलं होतं, तिथे शाईचा ठिपका मोठा होत होता. "कुत्र्याला?"

"न्हाई," तो म्हणाला.

ती वाट बघत राहिली. त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. नळावर कुणाची तरी बादली भरून वाहत होती, ती बंद करायला म्हणून तो उठला आणि बाहेर गेला. परत आला तेव्हा प्रांजल तशीच बसली होती.

"ऱ्हाऊ दे हितपातूर," तो म्हणाला. "उद्या बघू."

शुक्रवारी त्याने काही सांगितलं नाही. तिने दोनदा वही आणून जवळ ठेवली, दोनदा उचलून नेली. तिसऱ्यांदा मात्र ती त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिली, आणि मग वही न आणताच स्वयंपाकघरात गेली.

शनिवारी मालक येऊन गेला. शिवतेजने दुपारपर्यंत वाट बघितली, असं हरणाबाईने निरोप्याकडून कळवलं. पुढचा फेरा महिन्याने आहे. पाटी गेटावर आहे. मनुबाई साडेसातला गोळी घेते आणि एकला जेवते. अर्जात एक ओळ लिहायची राहिली आहे.