अठ्ठावीस मतं आणि गोल बटणं

डॉक्टरबाईंची उभी हयात लोकांच्या तोंडात डोकावण्यात गेली होती. गानमंडळातल्या अठ्ठावीस जणांपैकी कोणाच्या कुठल्या दाढेत काय भरलंय, हे त्यांना तोंडपाठ. मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात एकटीनं गायचं गाणंही गेली नऊ वर्षं त्यांच्याचकडे. निवडीची पद्धत सोपी होती. संचालक विचारायचे, "मग यंदा कोण?" आणि डॉक्टरबाई पहिल्या रांगेतून मागे वळून अशा बघायच्या, की आता "आ करा" म्हणतील. सगळे आ करायचे आणि त्यांचंच नाव घ्यायचे.

यंदा मात्र वरच्या सुराला बाईंचा आवाज फाटत होता. सलग तीन शनिवार तो तालमीत फाटला आणि तिन्ही शनिवारी मंडळानं वहीत डोकं खुपसलं.

याची सगळ्यात जास्त धास्ती घेतली होती ती मंडळाच्या सेक्रेटरीनं, कारण ती बाईंची सून. भरल्या सभागृहात आवाज फाटला तर लोक एक वेळ विसरतील, पण आई जन्मभर विसरणार नाहीत, हे ती ओळखून होती. पण तोंडावर सांगायचं कोणी? नवऱ्यानं तर आधीच हात झटकले. "सेक्रेटरी तू, सासू तुझी. मी फक्त खुर्च्या मांडतो."

संचालकांनी मग ऑनलाइन फॉर्मची टूम काढली आणि पहिला फॉर्म घाईघाईत स्वतःच बनवला. चार नावं: डॉक्टरबाई, पोस्टातल्या बाई, शिंपीकाका, निवृत्त मुख्याध्यापक. प्रत्येक नावापुढे चौकोन. चौकोन असला की हव्या तितक्यांवर खूण करता येते, आणि मंडळी पडली भिडस्त. निकाल लागला: चौघांनाही प्रत्येकी अठ्ठावीस. कुणाचंच मन दुखावलं नाही आणि कुणाचीच निवड झाली नाही.

"मी करते," सून म्हणाली. कुरिअर कंपनीच्या कचेरीत ती दिवसभर तक्रारींचे फॉर्मच बनवायची. माणसांना जे तोंडानं बोलवत नाही ते फॉर्म बोलून दाखवतो, यावर तिचा फार विश्वास.

गुरुवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून ती बसली. समोर डॉक्टरबाई मटार सोलत होत्या.

"काय चाललंय?"

"चौकोन काढून गोल लावतेय, आई. रेडिओ बटण म्हणतात याला. एकच निवडता येतं. दुसऱ्यावर टिचकी मारली की पहिलं आपोआप सुटतं."

"आमच्या जुन्या रेडिओसारखं. एक बटण दाबलं की आधीचं टक्कन वर यायचं."

"त्यावरूनच तर नाव पडलंय."

बाईंनी पडद्याकडे मान वाकडी केली. "माझं नाव वर आहे ना?"

"क्रम प्रत्येकाला वेगळा दिसेल. तशी सोय आहे."

"आणि सगळे गोल रिकामे कसे? एखादा भरून ठेव की आधीच. लोकांचे कष्ट वाचतील."

कोणता भरायचा ते विचारायची गरज नव्हती. पण सून या बाबतीत पोळलेली होती. कचेरीत एकदा कुणीतरी 'समाधानी' हा पर्याय आधीच निवडून ठेवला, तर त्या महिन्यात नऊशे ग्राहक बोटही न लावता समाधानी निघाले, त्यात ज्यांची पार्सलं हरवली तेसुद्धा.

"नको, आई. ज्यानं त्यानं स्वतः निवडावं."

"'इतर' ठेवलंस?"

"छे. लोक त्यात 'तुम्हीच ठरवा' लिहितात. उत्तर अनिवार्य केलंय. आणि कोणी कोणाला मत दिलं ते कुणालाच दिसणार नाही. मलासुद्धा."

"मोठी पक्की आहेस," बाई म्हणाल्या आणि पुढची शेंग फोडली. ही शाबासकी की तक्रार, ते काही कळलं नाही.

शुक्रवारी फोन सुरू झाले. पहिले शिंपीकाका. "अगं, चुकून बोट लागलं. आता ते टिंब जाईना."

"ते जात नाही, काका. फार तर दुसऱ्यावर नेता येतं."

"दुसऱ्यावर कशाला! कोणावरच नको असं करून दे ना."

मग मुख्याध्यापक. "यात 'वरील सर्व' हा पर्याय राहून गेलाय."

"राहिला नाही, सर. काढलाय."

संध्याकाळी सून स्वतः मत द्यायला बसली. बोट पोस्टातल्या बाईंच्या नावावर नेलं. त्यांचा आवाज तिला मनापासून आवडायचा. तेवढ्यात मागून एक हात आला आणि टेबलावर चहाचा कप ठेवून गेला. बोट दोन ओळी खाली सरकलं आणि डॉक्टरबाईंवर टेकलं. जाऊ दे, तिनं मनाची समजूत घातली, आपल्या एका मतानं काय होतंय? बाकीचे देतीलच की खरं मत.

शनिवारी, तालमीच्या तासभर आधी, तिनं निकाल उघडला. डॉक्टरबाई सत्तावीस. पोस्टातल्या बाई एक. बाकी दोघे शून्य. म्हणजे शिंपीकाका आणि मुख्याध्यापकांनी स्वतःलासुद्धा दिलं नव्हतं. ते एक मत पोस्टातल्या बाईंनीच स्वतःला दिलं असणार. तेवढं धाडस तरी कोणी केलं म्हणायचं.

"किती?" दारातून आवाज आला.

"सत्तावीस. अभिनंदन, आई."

"आणि ते एक?"

"पोस्टातल्या बाईंना. पण कोणाचं ते कळत नाही, मतदान गुप्त—"

"माझं आहे."

सुनेनं मान वळवून दाराकडे बघितलं.

"मला कान नाहीत का? दाढ किडली की सगळ्यात आधी जिची तिलाच कळतं." डॉक्टरबाई खुर्ची ओढून बसल्या. "म्हटलं, गुपचूप मतं आहेत, तर करतील लोक सुटका. मला आपणहून 'नको' म्हणावं लागणार नाही. तर सत्तावीस जणांनी माझ्या दवाखान्याला मत दिलं!" मग चष्म्यावरून बघत, "त्यात तूही आलीसच."

"तुम्ही मागे उभ्या होतात, आई."

"मी चहा ठेवत होते."

दोघींत आधी कोण हसलं ते सांगता येणार नाही.

तालमीत डॉक्टरबाई तिसऱ्या रांगेत जाऊन बसल्या. आकडे कसे वाचावेत या विवंचनेत संचालकांनी जुनाच प्रश्न विचारला, "मग यंदा कोण?"

"पोस्टातल्या बाई," मागून आवाज आला. डॉक्टरबाईंनी एकेकाकडे वळून नीट बघितलं, आणि सगळ्यांनी आ केला. निवड एकमतानं झाली. पोस्टातल्या बाई तेवढ्या "अहो, मी कशी" करत होत्या, त्यांना सुनेनं हाताला धरून उभं केलं.

वरचा सूर आला, लागला, आणि सरळ पुढे गेला. त्या शनिवारी वहीत कोणी डोकं खुपसलं नाही.