अडलेलं दार

धर्मापुरीच्या मेंढपाळ धुळाजीची लेक सुकन्या लष्करी गाड्या बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर झाली, तेव्हा सगळ्यात जास्त हरखला तिचा थोरला भाऊ. सोमेश्वर फौजेत ड्रायव्हर, लडाखात. त्याच्या तुकडीतली हलकी गाडी इतकी जुनी झालेली, की चढावर धापा टाकत मधेच बसायची. तिच्या जागी येणारी नवी गाडी माझी बहीण घडवतेय, हे तो बराकीत ज्याला त्याला सांगायचा.

नव्या गाडीची शेवटची चाचणी गेवराईजवळ गोदावरीच्या पात्रात होती. वाळूत गाडी झकास पळाली. मग वाळूउपशानं पडलेल्या एका खड्ड्यात कलंडली आणि मागचं दार काही केल्या उघडेना. मागं बसलेला मेकॅनिक आश्रुबा पुढच्या सीटवरून रांगत, हसतच बाहेर आला. सुकन्याला मात्र हसू आलं नाही. आत जखमी माणूस आडवा असता तर?

"सर, ही अशी पुढं पाठवायला नको," ती चाचणीप्रमुख राधाकिशन सरांना म्हणाली.

"दाराची चौकट बदलायची म्हणजे वर्ष गेलं. तुझाच भाऊ वाट बघतोय ना?"

"म्हणूनच म्हणते."

सरांनी कलंडलेल्या गाडीचं मागचं दार स्वतः ओढून पाहिलं. मग त्यांनी गाडी चाचणीत नापास केली.

संध्याकाळी तिनं फोन लावला. "दादा, गाडी लांबली. माझ्यामुळं. कलंडली की मागचं दार उघडत नाही."

सोमेश्वर म्हणाला, "दारच उघडत न्हाई, तर बरं केलंस. आमी जुनीच ढकलू."

आईला, सारजाबाईला, हे पटलं नाही. "पोरगं बर्फात हाय, आन् तू गाडी अडवलीस कावून?" त्यानंतर ती लेकीशी कामापुरतंच बोलू लागली. लडाखात बर्फ पडल्याची बातमी आली, की सुकन्याला वाटायचं, आपलं चुकलं तर नाही?

पुढच्या वर्षी थंडी सुरू होता होता दुरुस्त झालेल्या गाड्या सोमेश्वरच्या तुकडीत पोचल्या. सुकन्या सुट्टीवर घरी असताना त्यानं गाडीत बसून व्हिडिओ कॉल केला.

"आत गार लागत न्हाई का रं?" सारजाबाईनं विचारलं.

"न्हाई, माय. लई ऊब हाय."

फोन ठेवून ती लेकीजवळ येऊन टेकली. "आता सांग मला. त्या दाराचं काय झालतं?"

सुकन्या सांगू लागली. 'आत जखमी माणूस असता तर' इथपर्यंत ती आली, तशी सारजाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.