मादी डावीकडं, नर उजवीकडं

आदगोंडा पाटलांनी जन्मात कांदा-बटाटा खाल्ला नाही, की गाळल्याशिवाय पाणी तोंडाला लावलं नाही. त्यामुळे लेकानं बनवलेल्या नव्या यंत्राचं बटण दाबायला सांगलीहून कडेगावकडं निघताना त्यांनी एवढंच विचारलं, "हिंसेचं काय न्हाई न्हवं?"

"न्हाई ओ आप्पा," गाडी चालवत भरतेश म्हणाला. "अंड्यांच्या कोंबड्यांची हॅचरी हाय, पिल्लं उबवायची. कॅमेरा पिल्लाचा पंख बघतो. मादी डावीकडं, नर उजवीकडं. बास."

मागं बसलेली थोरली लेक भाग्यश्री कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. आधुनिक बुद्धीची झडती घेणारा तिचा प्रबंध इतका रेंगाळलाय, की आता घरात त्याची चौकशीही कुणी करत नाही. पलूस येईपर्यंत तिनं भावाला सोलून काढलं. "तुझ्या बुद्धीला 'कसं' तेवढं कळतं. 'कशाला' विचारायचंच ती विसरली. युरोपात छळछावण्यासुद्धा वेळापत्रकानं चालल्या, भरत्या!"

"खरं हाय ताई. एसी वाढवू का जरा?"

हॅचरीत नारळ फुटला, आप्पांनी बटण दाबलं. नुकतीच अंड्यातून निघालेली पिवळी पिल्लं पट्ट्यावरून आली. हवेची फुंकर बसायची आणि एकेक पिल्लू बिनचूक आपल्या बाजूला पडायचं. सगळ्यांत जोरात टाळ्या भाग्यश्रीच्या. मग तिनं व्हिडिओ सुरू केला.

"चुकतं किती रे?"

"हजारात एखादं."

डावीकडं क्रेट भरत होते. उजवीकडं क्रेट नव्हताच, स्टीलचं मोठं नरसाळं होतं. आप्पा कौतुकानं वाकले. आत पाती फिरत होती.

"बंद कर रं! भरत्या, बंद कर!"

"आप्पा, नर अंडी देत न्हाईत. पोसायचे कशाला? सगळीकडं हेच करत्यात."

"बंद कर म्हनतो न्हवं!"

"बॅच संपल्याबिगर थांबत न्हाई ते. मीच तसं बसिवलंय."

आप्पांनी पट्ट्यात हात घातले. उजवीकडं निघालेली पिल्लं ओंजळीनं उपसून ते धोतराच्या ओच्यात टाकू लागले. फुंकर आता त्यांच्या मनगटांवर बसत होती.

भाग्यश्रीचा व्हिडिओ चालूच होता. उजवीकडं पुढं काय, हे आपण विचारलंच नाही, हे ध्यानात आलं तसा तिच्या हातातला फोन फरशीवर आपटला.

"भाग्या, बघतीस काय? पदर धर!"

तिनं पदर पसरला. पट्ट्यावरून पिल्लं येतच होती.