थोटीला सांगितलेलं

कोहातीच्या मातीच्या गोल घरात माणसं दोन होती आणि बोलणं एकाच बाजूचं होतं, तेही कुत्रीशी.

दुसरं माणूस म्हणजे तिचा जावई चेशा. सासूने जावयाशी बोलू नये, त्याच्या तोंडाकडे पाहू नये, ही मिसुरी नदीकाठच्या गावांची रीत. लेक होती तोवर काही अडलं नाही. "त्याला विचार, मांस पुरे का," असं कोहाती म्हणायची, लेक विचारायची, आणि तिघंही एकाच चुलीभोवती बसलेली असायची. गेल्या पानगळीत लेक तापाने गेली आणि दोघांमधलं बोलणंच संपलं. चेशाला परत जायला आईचं घर नव्हतं, ते देवीच्या साथीत केव्हाच रिकामं झालं होतं. कोहातीने त्याला जा म्हटलं नाही. राहा म्हणायची सोय नव्हती.

मग तिने थोटीला धरलं. शेपूट तुटलेली म्हातारी कुत्री, दिवसभर चुलीपाशी पडून असायची.

"थोटे, लाकडं संपलीत. घरात कुणाला हातपाय असतील तर बघ बाई."

थोड्या वेळाने दाराबाहेर लाकडं पडल्याचा आवाज यायचा. चेशा आत येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचा. अख्खा हिवाळा त्याने ती भिंत पाहिली.

त्या हिवाळ्यात गोऱ्यांची एक टोळी नदीच्या खालच्या अंगाला लाकडी घरं बांधून राहिली होती. बर्फ फुटलं की नदीच्या उगमाकडे निघायचं, डोंगर ओलांडायचे आणि सूर्य बुडतो त्या पाण्यापर्यंत जायचं, असा त्यांचा बेत. कशाला, ते त्यांनाच ठाऊक. एवढ्या लांबच्या वाटेला निघाले आणि बरोबर एक बाई नाही, म्हणजे फाटलेले जोडे कोण शिवणार याचा विचार कुणी केलेला नाही, हे कोहातीने पहिल्याच दिवशी हेरलं.

चेशा पोरवयात मामांबरोबर त्या डोंगरांपर्यंत जाऊन आलेला. हे कळल्यावर गोऱ्यांचा एक माणूस दुभाष्याला घेऊन घरी आला. चेशाने जमिनीवर कोळशाने नदी काढली, चुलीतली राख ओंजळीने आणून डोंगर रचले. "इथे पाणी कड्यावरून पडतं, नावा खांद्यावर घ्याव्या लागतील," असं सांगत तो गुडघ्यांवर रांगत होता. कोहाती पाठ फिरवून मक्याचे दाणे सोडवत बसली होती. बराच वेळ तिच्या हातातलं कणीस तेच होतं.

पाहुणे गेल्यावर ती झाडू घेऊन उठली.

"थोटे, डोंगर उभे करायचे जावईबापूंनी आणि झाडायचे मी. म्हणे नदीचा उगम बघायचाय. दारातली नदी कमी पडली का?"

चेशा हसला. लेक गेल्यापासून पहिल्यांदा. कोहातीचा झाडू जागच्या जागी थांबला.

दोन घरं सोडून राहणारी इचू सगळी खबर घेऊन आली. "अक्का, वाट दाखवली तर गोरे त्याला बंदूक देणार आहेत. तो गेला म्हणजे तू एकटी. मी जाऊन सांगू का त्याला, राहा म्हणून?"

"माझ्या चुलीचा निरोप तुझ्या तोंडून? आधी गावाला कळेल, मागून त्याला."

"मग बस मक्याशी गप्पा मारत."

"मका बरा. मध्ये तोंड घालत नाही." कोहातीची सुई चालूच होती.

"एवढे जोडे कुणाला?"

"कातडं उरलं होतं."

एका सकाळी नदीवर कडाडकड आवाज झाला आणि बर्फाचे तुकडे एकमेकांवर चढत खाली निघाले. दुपारी चेशा आला. त्याने नवी बंदूक कोहातीच्या पायाशी ठेवली. जावयाने सासूपुढे अशी मोठी भेट ठेवली की रीत सुटते, दोघांना बोलता येतं. पण गावात असं फार थोड्यांच्या नशिबी आलं होतं.

"आई," तो म्हणाला, "गोऱ्यांनी आधीच दिली. आता तुम्हाला बोलता येईल. जाऊ नको म्हणालात, तर ही त्यांना परत देतो आणि राहतो."

कोहातीने मान वर केली. इतकी वर्षं एका छपराखाली काढून तिने त्याचं तोंड आज पाहिलं. हनुवटीवर जुना व्रण होता. लेकीने कधी सांगितलं नव्हतं.

राहा, एवढाच शब्द. हिवाळाभर तो तिच्या जिभेवर होता. तिने त्याच्या अंथरुणाकडे पाहिलं, त्या भिंतीकडे पाहिलं.

"हे कशानं लागलं?"

"लहानपणी घोड्यावरून पडलो."

"आणि असला माणूस डोंगर चढवणार त्यांना." तिने आपल्या अंथरुणाखालून जोड्यांचा ढीग ओढून काढला. "तळवे दुहेरी घातलेत. गोऱ्यांना वाटत बसू नकोस."

"म्हणजे जाऊ?"

"बंदूक मी परत देणार नाही. मग काय करशील?"

त्याने एक जोडा उचलला आणि शिवणीवरून बोट फिरवत राहिला. मग दोघं अंधार पडेपर्यंत लेकीबद्दल बोलली. वाळवायला टांगायची कणसं तिला वेणीसारखी नीट विणता यायची नाहीत, हे दोघांनाही माहीत होतं आणि आजवर दोघांनीही झाकून ठेवलं होतं.

नावा निघाल्या त्या दिवशी कोहाती काठावर गेली नाही. पेरणीची अवजारं काढायची आहेत, असं तिने इचूला सांगितलं. पाण्यावरच्या हाका विरल्या तशी ती चुलीपाशी बसली. मोठ्या भांड्यात दोघांपुरता मका शिजत होता. सवयीने तेवढाच टाकला होता.

"थोटे," ती मोठ्याने म्हणाली, घरात दुसऱ्या कुणाला ऐकू जावं तशी. आणि थांबली.

आता थोटीला मध्ये घ्यायची गरज नव्हती. कोहाती वळून चेशाच्या रिकाम्या अंथरुणाकडे तोंड करून बसली.

"मका जास्त झालाय," ती म्हणाली. "वर थंडी असेल. ओले जोडे घालून झोपू नकोस."

थोटीने डोकं उचललं, आणि आपल्याशी काही नाही हे कळल्यावर पुन्हा पंजांवर टेकलं.